जन्मतारीख जुळली

मुलांच्या हाडांच्या त्या रुग्णालयात नोंदणीच्या काचेमागे बसणाऱ्या बाईला सगळे खिडकीताई म्हणत. तिथे डॉक्टर बदलले, भिंतींचे रंग बदलले, काचेला पाडलेल्या गोल भोकाच्या जागी माइक आला, पण काचेमागचा चेहरा तोच राहिला. माइक तिने पहिल्याच दिवशी बंद करून टाकला. तिच्या आवाजाला त्याची गरज नव्हती. बाई पदवीधर, बोटं टाइपरायटरवर तयार झालेली, आणि नजर अशी की रांगेत मध्येच घुसणाऱ्याकडे तिने चष्म्यावरून नुसतं पाहिलं तरी तो निमूटपणे शेवटी जाऊन उभा राहायचा. फार गोड बाई आहे असं कुणी म्हणालं नसतं. पण काम चोख, आणि तोंडातून गेलेला शब्द परत घेणार नाही, एवढं शिपायापासून सर्जनपर्यंत सगळे मानत.

सकाळी सगळ्यांत आधी तीच यायची. कॉम्प्युटर चालू करायची, स्वतःचं नाव आणि पासवर्ड टाकायची, आणि मग दिवसभर त्या एका नावावर सगळी खिडकी चालायची. ती डबा खायला उठली की खुर्चीत भाऊजी बसत. भाऊजी म्हणजे शेजारच्या टेबलावरचे सहकारी, तिचे कुणी लागत नव्हते, पण सगळ्या रुग्णालयाचेच ते भाऊजी होते. मऊ माणूस. माशी हाकलतानासुद्धा तिला आधी विचारतील असे. भाऊजींना त्यांचं वेगळं नाव, वेगळा पासवर्ड दिलेला होता. पण एका नावातून बाहेर पडून दुसऱ्या नावाने आत शिरायचं म्हणजे पडद्यावर ते गोल चक्र इतका वेळ फिरत राहायचं की तेवढ्यात रांगेतली निम्मी पोरं भोकाड पसरायची. व्यवस्थापकसाहेबांनीच एकदा येऊन सांगितलं होतं, "ताई, तुमचंच चालू राहू द्या हो. रांग थांबता कामा नये." साहेब स्वतःही आठवड्यातून एकदा येत, तिच्या खांद्यावरून कीबोर्डवर हात घालून तिच्याच नावावर महिन्याचा तक्ता छापून नेत.

मग कुठल्याशा रुग्णालयातली माहिती चोरीला गेल्याची बातमी आली आणि साहेबांना सुरक्षेचा झटका आला. बाहेरून एक तरुण व्याख्याता आणला. त्याने पडद्यावर चोराचं चित्र दाखवलं. चोराने तोंडाला काळा रुमाल बांधला होता.

"एक विचारू का?" खिडकीताई म्हणाली. "हा घरात बसून चोरी करतोय ना? मग तोंड कशाला बांधलंय? सर्दी झाली आहे का?"

सगळे हसले. व्याख्यात्याने पुढचं चित्र लावलं.

त्या व्याख्यानातून दोन नियम निघाले. पहिला, पासवर्ड दर महिन्याला बदलायचा, आणि त्यात आकडा हवा, चिन्ह हवं. झालं! सगळ्यांनी रुग्णालयाच्या नावापुढे महिन्याचं नाव, एक आकडा आणि उद्गारचिन्ह लावायला सुरुवात केली. झाडूवाल्या मावशींनासुद्धा चालू महिन्याचा पासवर्ड सांगता आला असता. दुसरा नियम फोनचा होता. फोनवरून कुणी पोराची माहिती विचारली तर आधी ओळख पटवून घ्यायची. पोराची जन्मतारीख विचारायची आणि आईचा मोबाइल नंबर विचारायचा. दोन्ही जुळलं तर माहिती द्यायची, नाही जुळलं तर फोन ठेवायचा. भाऊजींनी हा नियम ठळक अक्षरांत छापून फोनच्या वर भिंतीला चिकटवला. भाऊजींना नियम आवडत. नियम असला की डोक्याला ताप नसतो.

त्याच सुमाराला ती शिवणवाली आली. कपडे शिवून पोट भरणारी, विशीतली पोरगी. कडेवर तान्हं बाळ. बाळाची दोन्ही पावलं जन्मतःच आत वळलेली. असल्या पायांना दर आठवड्याला नवं प्लास्टर घालून हळूहळू सरळ करत न्यावं लागतं. एक आठवडा चुकला की केलेलं वाया जायला लागतं.

"नाव? पत्ता? वडिलांचं नाव?"

पोरगी काचेला चिकटली. "ताई, पत्ता घालायलाच पाहिजे का?"

"घातल्याशिवाय हा कॉम्प्युटर पुढे सरकत नाही. बघ, लाल चांदणी दाखवतो."

"मी घर सोडून आलेय. याच्या बापाला मी कुठे राहते ते कळलं तर..." कानामागचे केस सारून तिने मान जराशी वळवली. खिडकीताईला जे दिसायचं ते दिसलं.

"कळणार नाही," खिडकीताई म्हणाली. "ही माझी खिडकी आहे. इथून पत्ता बाहेर जात नाही. सांग."

पोरीने सांगितला. खिडकीताईने टाइप केला. गल्ली, इमारत, मागच्या अंगणातली खोली, सगळं. कॉम्प्युटरचं समाधान झालं.

बाळाचे पाय छान सरळ व्हायला लागले होते. प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरीणबाई खूश होत्या. आणि मग एका प्लास्टरच्या दिवशी शिवणवाली आली नाही. खिडकीताईने फोन लावला, तो बंद. पुढच्याही आठवड्यात नाही. तिसऱ्या खेपेला आली ती रांगेत न थांबता सरळ काचेपाशी. बाळाचं प्लास्टर काळं पडलं होतं, घसरलं होतं, आतून टाच वर सरकलेली स्पष्ट दिसत होती.

"तुम्ही दिलात," पोरगी म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"काय दिलं?"

"पत्ता. तो दारात उभा राहून ओरडत होता. म्हणाला, हॉस्पिटलनेच दिलाय, बापाला हक्कच आहे. घरमालकाला त्याने पत्ता खोलीसकट बरोबर सांगितला, म्हणून मालकाने फाटक उघडलं. मी पोराला घेऊन मागच्या भिंतीवरून उडी मारली ताई. माझं शिलाईमशीन तिथेच राहिलं. फोनचं सिमसुद्धा मी नाल्यात टाकलंय."

"मी नाही दिला."

"मी तुम्हालाच सांगितला होता. दुसऱ्या कुणाला नाही."

पोरगी तशीच साहेबांच्या केबिनमध्ये गेली आणि तक्रार करून निघून गेली. प्लास्टर तसंच राहिलं.

खिडकीताईला शोधाशोध करावी लागली नाही. भाऊजींचा चेहरा तिंबलेल्या कणकेसारखा झाला होता. तिने त्यांना एक्स-रेच्या फिल्मा ठेवायच्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

"बोला."

"ताई, तुम्ही डबा खायला गेला होता. फोन आला. फार सभ्य आवाज होता हो. म्हणाला, बाळाचा बाप बोलतोय, घर बदललंय, रुग्णालयाचं पत्र जुन्या पत्त्यावर जातंय की नव्या, एवढंच बघायचंय. मी जन्मतारीख विचारली."

"आणि?"

"जुळली हो. फोन नंबर विचारला, तोही जुळला. मग मी पत्ता वाचून दाखवला. नियमाप्रमाणेच केलं ना मी?"

"जुळली!" खिडकीताईचा आवाज त्या खोलीतल्या पत्र्याच्या कपाटांवर आपटून परत आला. "भाऊजी, तो पोराचा बाप आहे! बापाला पोराची जन्मतारीख माहीत नसेल तर कुणाला असेल? बायकोचा नंबर नवऱ्याला नसेल तर काय रस्त्यावरच्या भामट्याला असेल? कुलूप लावलंत आणि किल्ली नेमकी त्यालाच दिलीत!"

"मी नाही ठरवलं ते," भाऊजी पुटपुटले. "भिंतीवर लिहिलंय तसं केलं."

"भिंतीवर तुम्हीच चिकटवलंत!"

भाऊजी रडायला लागले. खिडकीताईला रडणाऱ्या पुरुषांची दया येत नसे, त्या दिवशी तर मुळीच आली नाही. पण राग पुरता भाऊजींवर ठरेना. तो त्यांच्यावरून घसरून पुढे जात होता. त्या काळ्या रुमालाच्या चित्राकडे, लाल चांदणीकडे, आणि "माझी खिडकी आहे" म्हणून छाती पुढे काढणाऱ्या स्वतःकडे.

संध्याकाळी घरी आली तर सासूबाई गॅलरीत उभ्या राहून फोनवर खड्या आवाजात आकडे सांगत होत्या. "लिही, चार. मग सात. पुन्हा चार."

"काय सांगताय? आणि कुणाला?"

"ओटीपी गं. तुझ्या नणंदेला. माझी औषधं मागवतेय ती."

"अहो, कुणाला सांगू नका असं त्याच मेसेजमध्ये लिहिलेलं असतं!"

"ते परक्यांना," सासूबाई म्हणाल्या. "ती काय परकी आहे?"

खिडकीताई चप्पल पायात तशीच ठेवून खुर्चीत बसली. नवरा फरश्या बसवायचं काम करी. सिमेंट आणि पॉलिशने त्याच्या अंगठ्यावरच्या रेषाच पुसल्या होत्या, त्यामुळे फोन त्याला ओळखत नसे. म्हणून त्याने फोनला चार शून्यांचा आकडा ठेवला होता, जो घरात, शेजारी आणि कामावरच्या सगळ्यांना ठाऊक होता.

"मरगळलीस का अशी?" त्याने विचारलं.

तिने सगळं सांगितलं. साहेबांनी दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलावलंय, हेही सांगितलं. कॉम्प्युटरमध्ये तिच्या नावाने पोराची नोंद उघडल्याचं दिसतंय, म्हणजे पत्ता तिनेच दिला असं लिहून हवंय.

"मग दे लिहून. निवृत्तीला आली आहेस. एक ताकीद देतील आणि मिटेल. उगाच चौकशी लागली तर सगळं अडकून बसेल."

"मी दिलेला नसताना?"

"जगात सगळेच काय आपापलं केलेलंच भोगतात?"

"तुमच्या हाताखालच्या माणसाने फरशी वाकडी बसवली आणि मालकाने तुम्हाला लिहून द्या म्हटलं, तर द्याल?"

"मी आधी फरशी उखडून नीट बसवेन," नवरा म्हणाला. "लिहिण्याबिहिण्याचं नंतर."

"तेच तर!" ती एकदम उठली. "फरशी कुणी उखडायलाच तयार नाही. मी सही केली की साहेब म्हणणार, एका बाईचा हलगर्जीपणा, संपलं. आणि भिंतीवरचा तो कागद तसाच. उद्या दुसऱ्या कुठल्या पोरीचा नवरा फोन करणार, त्याचीही जन्मतारीख जुळणार!"

सासूबाई गॅलरीतून आत आल्या. "कुणाची जन्मतारीख?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये कागद टाइप होऊन तयारच होता. साहेबांनी तो पेनसकट तिच्यापुढे सरकवला. भाऊजींनाही साक्षीला बसवलं होतं. ते स्वतःच्या बुटांकडे बघत होते.

"ताई, मला वाईट वाटतंय. पण कॉम्प्युटर खोटं बोलत नाही."

"कॉम्प्युटर नाही बोलत. आपण बोलतोय. माझ्या नावावर सगळी खिडकी चालते हे कुणी सुरू केलं?"

"मी फक्त रांग थांबू नये म्हटलं होतं. पासवर्ड वाटा असं नव्हतो म्हणालो."

"तुम्ही स्वतः माझ्या नावावर तक्ते छापता!"

साहेबांनी घसा खाकरला. "ते वेगळं."

"सगळ्यांचं वेगळंच असतं. ऐका साहेब. पत्ता यांनी दिला." तिने भाऊजींकडे बोट केलं. भाऊजी आक्रसले. "आणि यांच्या जागी मी असते तर मीसुद्धा दिला असता, कारण तुमचा नियमच तसा आहे. पोरांना आणि बायकांना धोका आहे तो घरच्यांचा, आणि आपण पहारा बसवलाय तो परक्यांवर. काळा रुमालवाला नाही आला साहेब. बाप आला. स्वतःचं खरं नाव सांगून आला."

"हे बघा, सुरक्षेबाबत मी गप्प बसलेलो नाही. त्या मुलाची नोंद मी कालच कुलूपबंद केली आहे. चौकशी संपेपर्यंत ती कुणालाही उघडता येणार नाही."

खिडकीताईला क्षणभर समजलंच नाही. "म्हणजे? त्याचं प्लास्टर?"

"नोंद बंद असताना उपचार कसे देणार? नवीन नोंद करावी लागेल. पत्ता, फोन नंबर, त्यावर ओटीपी. रीतसर."

"तिने सिम नाल्यात टाकलंय! पत्ता ती मेली तरी देणार नाही आता!"

"मग माझा नाइलाज आहे."

भाऊजींनी एकदा मान वर केली आणि पुन्हा बुटांकडे घातली. खिडकीताईने ते पाहिलं. तिने पेनाचं टोपण लावलं, पेन कागदावर आडवं ठेवलं आणि ती उठली. साहेब म्हणाले, "सही न करता गेलात तर उद्यापासून निलंबन." ती म्हणाली, "उद्या ना? आज अजून बरंच काम आहे."

बाहेर बाकावर शिवणवाली बसली होती. ती आपण होऊन आलेली नव्हती. डॉक्टरीणबाईंच्या नर्सने तिला बाजारात गाठून, हातापाया पडून आणलं होतं. आज प्लास्टर झालं नाही तर पाय पुन्हा पहिल्यासारखे होतील, असं सांगून. पोरगी दाराच्या सगळ्यांत जवळच्या बाकावर, पळता येईल अशी बसली होती.

"ये," खिडकीताई म्हणाली.

"मी काही सांगणार नाही."

"सांगू नकोस. नुसती समोर उभी राहा."

तिने नवी नोंद उघडली. बाळाचं आडनाव तिने आईच्या माहेरचं घातलं. पत्त्याच्या चौकोनात याच रुग्णालयाचा पत्ता. फोनच्या चौकोनात स्वतःचा नंबर. ओटीपी तिच्या पर्समध्ये वाजला, तिने तो बघून भरला. वडिलांच्या नावापुढे लाल चांदणी लुकलुकायला लागली. तिथे तिने एक टिंब टाकलं. चांदणी विझली. एवढ्या मोठ्या सुरक्षेला एक टिंब पुरलं!

मग ती जन्मतारखेपाशी थांबली.

"पोराची खरी तारीख डॉक्टरीणबाईंना मी तोंडी सांगते. इथे मी दुसरी घालतेय. ही बघ." तिने पडदा वळवला. "ही तुला आणि मला माहीत. त्याच्या बापाला नाही."

पोरीने तारीख पाहिली. ओठ हलवून मनात म्हणून बघितली. "म्हणजे याचा वाढदिवस इथे निराळा?"

"इथे निराळा."

आत प्लास्टरच्या खोलीत बाळाने असा काही सूर लावला की साहेब केबिनच्या दारात आले. त्यांनी काचेमागे येऊन पडद्याकडे पाहिलं. वाचता वाचता त्यांच्या कपाळावरची शीर वर आली.

"ही नोंद खोटी आहे!"

"पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत," खिडकीताई म्हणाली. "आणि माझ्या नावावर, माझ्या हाताने, भर दुपारी, सगळ्यांसमोर केलेली. तो तुमचा कागद फाडा आणि नवा टाइप करा. पत्ता दिला असं नका लिहू. पत्ता लपवला असं लिहा. लगेच सही करते."

"नोकरी जाईल ताई."

"लिहा ना. पण का लपवला तेही लिहावं लागेल. तुमचा जन्मतारखेचा नियम त्यात आलाच पाहिजे. वरच्यांना वाचायला पाठवा."

साहेब उभेच राहिले. हातातली फाइल त्यांनी एकदा या काखेत घेतली, एकदा त्या. रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, "खिडकी चालू आहे की बंद?" "चालू," खिडकीताई म्हणाली आणि त्यांच्या नातवाचं नाव विचारलं. साहेब केबिनमध्ये गेले. दार लागल्याचा आवाज आला. टाइप करण्याचा आवाज काही आला नाही, निदान तेव्हा तरी नाही. भाऊजींनी त्यांच्या कॉम्प्युटरवर गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या नावाऐवजी स्वतःचं नाव घातलं आणि ते चक्र फिरत असताना हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

बऱ्याच वेळाने शिवणवाली बाळाला घेऊन बाहेर आली. बाळ रडून झोपलं होतं. दोन्ही पायांना पांढरंशुभ्र, ओलसर प्लास्टर. ती दाराकडे निघाली, मग वळून काचेपाशी आली. आभार वगैरे मानले नाहीत. मानायला काही कारणही नव्हतं.

"पुढच्या आठवड्यात याच वारी," खिडकीताईने सांगितलं. "आठवण करून देणारा मेसेज माझ्या फोनवर येईल, तुला येणार नाही. तुझं तू लक्षात ठेवायचं."

"तुम्ही असाल ना इथे?"

खिडकीताईने केबिनच्या बंद दाराकडे पाहिलं.

"माहीत नाही. असेन, नसेन. तू खिडकीवर थांबूच नकोस. मागच्या दाराने सरळ प्लास्टरच्या खोलीत जायचं, डॉक्टरीणबाईंना मी सांगून ठेवलंय. आणि वाटेत कुणी काही विचारलं, कुठे राहतेस, फोन काय, तर सांगायचं नाही. कितीही गोड बोललं तरी नाही."

पोरीने मान हलवली.

"मी विचारलं तरी नाही," खिडकीताई म्हणाली, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.